पहाटे झोपणारं मीटर : वायरलेस सायकल कॉम्प्युटरच्या एका बिघाडाची केस

ही केस माझ्या ओळखीतल्या एका काकांच्या सायकलची आहे. नाव, घरचा पत्ता आणि मीटरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण असला बिघाड कुठल्याही कंपनीच्या साध्या वायरलेस मीटरमध्ये होऊ शकतो. आम्ही सगळेच सायकल कॉम्प्युटरला मीटर म्हणतो म्हणून इथेही तोच शब्द वापरतोय.

पार्श्वभूमी

काका साठीच्या आसपासचे, बँकेतून रिटायर झालेले, पुण्यात राहतात आणि आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे साडेपाचला सायकल घेऊन बाहेर पडतात. जुन्या मुंबई-पुणे हायवेने निगडी, देहूरोड, सोमाटणे फाटा करत कामशेतपर्यंत जायचं आणि यायचं हा त्यांचा नेहमीचा रस्ता, रविवारी जमलं तर लोणावळा. डिसेंबरमध्ये ते पहिली २०० किमीची बीआरएम करणार होते. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम ही रेस नसते, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या बळावर पूर्ण करायचं असतं, २०० ला साडेतेरा तास मिळतात, मध्ये कंट्रोल पॉइंट असतात तिथे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. भारतात हे सगळं ऑडॅक्स इंडिया बघते. रस्त्यावर तुमच्यासाठी बाण काढलेले नसतात, हातात एक क्यू शीट असते, अमुक किलोमीटरला डावीकडे, तमुक किलोमीटरला फाटा, अशी. जीपीएस नसेल तर सायकलचं मीटर हाच तुमचा वाटाड्या, त्यामुळे हे मीटर काकांसाठी हौसेची वस्तू राहिली नव्हती.

मीटर साधं होतं. पुढच्या चाकाच्या आरीला एक लोहचुंबक, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला) सेन्सर, हँडलवर डिस्प्ले. सेन्सरच्या आत काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्या असतात, चुंबक जवळून गेलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं, याला रीड स्विच म्हणतात. चाकाच्या एका फेऱ्याला एक टिचकी. सेन्सर ती टिचकी वायरलेसने वर डिस्प्लेला पाठवतो आणि डिस्प्ले दोन टिचक्यांमधला वेळ आणि चाकाचा घेर यावरून स्पीड काढतो. यापलीकडे त्याला काहीही कळत नाही. हे नीट डोक्यात बसलं की पुढची निम्मी केस सोपी जाते, कारण मीटर चुकतं ते चारच प्रकारे, टिचकी तयारच झाली नाही, तयार झाली पण पोचली नाही, नसलेली टिचकी मोजली, किंवा घेर चुकीचा भरलेला आहे.

आणखी एक गोष्ट काकांबद्दल सांगायलाच हवी. त्यांना डायरीची सवय आहे. रोजची राइड, किती वाजता निघाले, किती किमी, कमाल स्पीड, कुठे चहा घेतला, सगळं बँकेच्या जुन्या डायरीत. या डायरीनेच शेवटी केस सोडवली, मी ती फार उशिरा उघडली.

नेमका प्रॉब्लेम काय होता

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मीटर पहाटे झीरो दाखवायला लागलं. डिस्प्ले चालू, घड्याळ चालू, स्पीड झीरो. मध्येच दहा-पंधरा सेकंद आकडा यायचा, परत झीरो. आणि साडेसात-आठला, उन्हं आली की आपोआप सुरळीत. काका डायरीत लिहायचे, "मीटर झोपलं."

दोन आठवडे वाट बघून ते एका घड्याळाच्या दुकानात गेले आणि डिस्प्लेचा सेल बदलून आणला. इथे दोन नवीन भानगडी झाल्या. एक म्हणजे सेल काढल्याबरोबर मीटरची मेमरी गेली, आतापर्यंतचे ११,४८० किमी शून्यावर आले आणि चाकाचा घेरही कंपनीच्या मूळ सेटिंगवर, म्हणजे २०९६ मिमीवर गेला. दुसरं म्हणजे आता खड्ड्यातून गेलं की अख्खा डिस्प्लेच बंद पडून परत चालू व्हायचा. काकांना वाटलं की मीटर मरायला टेकलंय. ते माझ्याकडे आले तेव्हा बीआरएमला तेवीस दिवस होते.

"अरे, नवीन घ्यायचं असेल तर आत्ताच सांग, शेवटच्या आठवड्यात मला धावाधाव नकोय," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, काका, आधी बघू तर दे.

पहिला प्रयत्न

मी झाकण उघडलं तर आत सीआर २०२५ सेल. लागतो सीआर २०३२. या नंबरातच माप असतं, २० म्हणजे वीस मिमी व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिमी जाडी. २०२५ पण तेवढाच गोल, पण २.५ मिमी जाड, म्हणजे ०.७ मिमीने पातळ. व्होल्टेज दोघांचं तीनच त्यामुळे दुकानदार "चालेल हो" म्हणतो आणि टेबलावर चालतंही, पण खड्डा आला की सेल आत हलतो, कॉन्टॅक्ट सुटतो आणि मीटर रीसेट. खड्ड्यात डिस्प्ले बंद पडायचं कारण तिथल्या तिथे कळलं.

मग त्याच संध्याकाळी मी डिस्प्लेत नवा २०३२ टाकला, सेन्सरचा सेलही बदलला (तो पहिल्यापासून कधीच बदललेला नव्हता, बहुतेकांना सेन्सरमध्ये वेगळा सेल असतो हेच माहीत नसतं), कॉन्टॅक्टच्या पत्र्या स्पिरिटने पुसल्या, चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर सहा-सात मिमी होतं ते तीनवर आणलं. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं, मस्त अठरा-वीस दाखवतंय. काका खुश, मीपण खुश.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. खड्ड्यात बंद पडत नाहीये, पण झोपलंय.

पहिला निर्णय इथे चुकला. चार गोष्टी एका दमात बदलल्या त्यामुळे कशाने काय फरक पडला हे कळायला मार्गच उरला नाही. आणि त्याहून मोठी चूक ही की मी टेस्ट घेतली संध्याकाळी, घरात, ट्यूबलाइटखाली. बिघाड पहाटे रस्त्यावर होत होता. जिथे आणि जेव्हा बिघडतं तिथे आणि तेव्हा न बघता मी "झालं" म्हणून मोकळा झालो.

थंडीचा संशय

पहाटे बंद, उन्हात चालू, म्हटल्यावर कोणीही थंडीच म्हणेल. आणि ते अगदी चुकीचं पण नाही, गारव्यात लिथियम सेलचा अंतर्गत रोध वाढतो, तो तेवढा करंट देऊ शकत नाही, एलसीडी पण मंदावते. जुना सेल असेल तर हे नक्की होऊ शकतं. पण आमचे सेल नवे होते आणि पुण्याची पहाट म्हणजे काही लडाख नाही.

तरी शहानिशा करायची म्हणून डिस्प्ले आणि सेन्सर दोन्ही झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. फ्रीजरमध्ये नाही, खाली भाजीच्या वरच्या कप्प्यात. पिशवी का, तर बाहेर काढल्यावर दव धरतं ते पिशवीच्या बाहेर धरावं म्हणून. गार असतानाच पटकन लावून चाक फिरवलं. आकडा व्यवस्थित. थंडीचा संशय तिथे संपला, खर्च शून्य.

लाइटची टेस्ट, जी मी अर्धवट घेतली

पहाटे आणखी काय असतं, अंधार असतो, म्हणजे लाइट असतो. हे मला सुचलं होतं हे सांगितलंच पाहिजे. वायरलेस मीटरला एलईडी लाइटचा त्रास होतो हे माहितीच होतं. काकांना विचारलं लाइट नवीन आहे का, तर म्हणाले छे रे, दीड वर्ष झालं, तेव्हा कधी काही झालं नाही. तरी मी लाइट चालू करून चाक फिरवून बघितलं. काहीच फरक नाही, आकडा जागचा हलला नाही. मग लाइट यादीतून काढून टाकला.

पुढचे पाच दिवस यात गेले. त्या दिवसांत आम्ही हँडलवरचा मोबाइल बंद करून बघितला, हाय टेन्शन तारांखालून जाताना काय होतं ते काकांनी बघून ठेवलं, चुंबक बदलून बघितलं, मी सेन्सर खोलून रीड स्विच मल्टीमीटरवर तपासला. स्विच नवाकोरा असल्यासारखा काम करत होता. मुलाचा परदेशातून फोन, बाबा मी जीपीएसवालं पाठवतो, तुम्ही ते फेकून द्या. काका म्हणाले चालू वस्तू टाकायची कशाला, पण मनातून ते पण हलले होते.

डायरी

अकरा दिवस राहिले तेव्हा एका संध्याकाळी काकांकडे चहाला गेलो आणि सहज म्हणून डायरी मागितली, खरं तर गेलेले ११,४८० किमी परत भरायचे होते त्यासाठी शेवटचा आकडा हवा होता. (काही मीटरमध्ये एकूण किमी हाताने भरता येतात, यात येत होते. आकडा कुठेतरी लिहिलेला मात्र पाहिजे.)

पानं उलटताना तीन नोंदी दिसल्या आणि केस फिरली.

पहिली, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारची. त्या दिवशी काका पहाटे न जाता संध्याकाळी सात ते साडेआठ सिंहगड रोडला गेले होते. नोंद, "मीटर झोपलं, ट्रॅफिक फार." संध्याकाळी सातला कसली थंडी. म्हणजे पहाटेपेक्षा अंधार हाच मुद्दा होता.

दुसरी, एका पहाटेची, "लाइट चार्ज नव्हता, हेल्मेटवरचा लावला, ३८ किमी, मीटर बरं." पहाटच होती, गारवाही होता, आणि मीटर चाललं होतं.

तिसरी मला सगळ्यात जास्त बोलकी वाटली. एका राइडला कमाल स्पीड ९१.४ लिहिलं होतं. कामशेतच्या सपाट रस्त्यावर. काकांना वाटलं लिहिताना चूक झाली असेल. पण लिहिण्याची चूक नसेल तर मग सेल कमजोर, चुंबक लांब, स्विच खराब, थंडी, यातलं काहीही ९१ दाखवू शकत नाही, कारण या सगळ्यात टिचक्या कमी होतात, स्पीड घटतं किंवा झीरो होतं. स्पीड वाढायला जास्तीच्या टिचक्या लागतात. खराब स्विच कधीकधी एका फेऱ्याला दोनदा चिकटतो, पण मग आकडा साधारण दुप्पट होतो आणि काका सपाटीला चोवीस-पंचवीसने जातात, त्याचे पन्नास झाले असते. ९१ म्हणजे बाहेरून काहीतरी रेडिओ आवाज (नको असलेले सिग्नल) येतोय आणि मीटर त्यालाच टिचकी समजतंय. आवाज थोडा असेल तर खोट्या टिचक्या, खूप असेल तर खऱ्या टिचक्या त्यात बुडून जातात आणि झीरो.

सगळं बोट परत लाइटकडे. पण लाइट तर मी तपासला होता.

सोमाटणे फाट्याच्या अलीकडे

दोन दिवसांनी मी पहाटे काकांबरोबर गेलो, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. निगडी सोडून देहूरोडच्या पुढे अंधार लागला, मीटर झीरो. सोमाटणे फाट्याच्या अलीकडे चालवता चालवताच म्हटलं काका, लाइट एकदा बंद करा. बंद केला, दोन सेकंदांत २१.३ आलं. परत चालू करा. त्यांनी बटण दाबलं, फुल लाइट लागला आणि मीटर चालूच. मी चक्रावलो. मग त्यांनी सवयीने बटण अजून एकदा दाबलं, लाइट मिडियमवर गेला, आणि मीटर झोपलं.

काका नेहमी मिडियमवर चालवतात, चार्जिंग पुरावं म्हणून. मी घरी टेस्ट घेतली ती फुलवर, कारण पहिल्यांदा बटण दाबलं की फुलच लागतो. लाइट तोच होता, मोड वेगळा होता.

रस्त्याच्या कडेला थांबून सगळे मोड फिरवून बघितले. फुलवर ठीक, मिडियम आणि लो वर झीरो, फ्लॅशवर आकडा वेड्यासारखा वरखाली. याचं कारण असं की बऱ्याच एलईडी लाइटमध्ये उजेड कमी करायचा म्हणजे एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात, डोळ्याला तो मंद वाटतो. प्रत्येक चालू-बंदला बारीक रेडिओ आवाज निघतो, आणि साधं अॅनालॉग वायरलेस मीटर कमी फ्रिक्वेन्सीवर, कुठलाही कोड न लावता ऐकत बसलेलं असतं, त्याला सेन्सर कोण आणि लाइट कोण यात फरक कळत नाही.

राहिला एकच प्रश्न, दीड वर्ष कसं काही झालं नाही. त्याचं उत्तर हँडलवरच होतं. दिवाळीत काकांनी मोबाइलचा होल्डर बसवला, त्याला जागा करायला लाइट डावीकडून काढून उजवीकडे, मीटरला खेटून लावला, मध्ये जेमतेम चार सेंटिमीटर. मी विचारलं होतं "लाइट नवीन आहे का", त्याचं उत्तर त्यांनी खरंच दिलं, नाही. लाइट हलवलाय का हे मी विचारलंच नव्हतं.

कोणते पर्याय होते

नऊ दिवस हातात होते. कारण कळल्यावर आम्ही बसून नीट विचार केला.

जीपीएस घ्यायचं : मुलाची तयारी होती, पैशाचा प्रश्न नव्हता. पण कुरियर वेळेत येईल याची खात्री नाही, आणि पहिल्या बीआरएमला नवीन यंत्र, रोज चार्जिंग, रूट कसा टाकायचा, हे सगळं नऊ दिवसांत अंगवळणी पाडणं मला पटेना. माझं मत, ४०० आणि ६०० किमीच्या बीआरएमला रात्रीतून अनोळखी रस्ते असतात तेव्हा जीपीएसवर रूट असलेला केव्हाही चांगला, पण पहिल्या २०० च्या नऊ दिवस आधी नको.

वायरचं मीटर : मला मनापासून हेच आवडतं. टिचकी वायरीतून जाते, लाइटचा त्रास जवळजवळ नाहीच, सेल एकच. वांधे म्हणजे वायर फोर्कवर नीट बांधली नाही तर तुटते आणि पावसाळ्यानंतर बुडाच्या कॉन्टॅक्टवर गंज धरतो, तो खोडरबरने घासावा लागतो. काका म्हणाले घेऊ, पण बीआरएमनंतर.

लाइट बदलायचा : दुसरा लाइट असाच नसेल कशावरून. दुकानात मीटर घेऊन जाऊन प्रत्येक मोडवर तपासूनच घ्यावा लागला असता.

नुसता फुलवर चालवायचा : फुकटचा उपाय, पण त्या लाइटची फुलवर बॅटरी दोन तास. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, सकाळी सहाला सुरुवात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत मुदत म्हणजे दोन्ही टोकांना अंधार. बीआरएमला लाइट सक्तीचा असतो आणि त्या हायवेला सक्ती नसती तरी लाइटशी तडजोड मी करू दिली नसती.

अंतरं बदलायची : लाइट लांब, सेन्सर जवळ. खर्च नाही, अर्ध्या तासाचं काम, आणि जमलं नाही तर वायरचं मीटर घ्यायला अजून आठवडा उरतो.

शेवटचा पर्याय घेतला. त्यामागे हिशोबही होता. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जवळच्या अंतरात साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं तर ताकद आठवा हिस्सा. लाइट ४ सेंमीवरून १६ वर नेला तर त्याचा आवाज चौसष्ट पट कमी. सेन्सर फोर्कच्या खाली, डिस्प्लेपासून ७२ सेंमीवर होता, तो ५० वर आणला तर खरा सिग्नल जवळजवळ तिप्पट. असल्या मीटरला बहुतेक ६०-७० सेंमीचीच मर्यादा असते, म्हणजे आधीपासून आपण काठावरच होतो, लाइट जवळ आला आणि कडेलोट झाला.

काय काय केलं

लाइट परत डावीकडे, मोबाइल होल्डर मध्ये स्टेमवर (हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्यावर). मोबाइल मीटरला त्रास देत नाही हे आधीच बघून झालं होतं.

सेन्सर वर सरकवताना एक अडचण आली ती लिहून ठेवतो कारण बरेच जण इथे अडकतात. आऱ्या हबजवळ फोर्कच्या जवळ असतात आणि रिमकडे जाताना मध्याकडे आत वळतात, त्यामुळे सेन्सर जितका वर न्याल तितकं चुंबक त्याच्यापासून लांब जातं. आमचं अंतर तीनवरून नऊ मिमी झालं, टिचकी पडेना. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून, तीन थर सेन्सरखाली दिले, तेव्हा चार मिमीवर आलं. चुंबकही आरीवर तेवढंच वर घेतलं, सेन्सरवरच्या खुणेच्या बरोबर समोर. केबल टाय घट्ट आवळून चाक वीसेक वेळा फिरवून बघितलं की कुठे घासत नाही, सेन्सर आरीत अडकला तर पुढचं चाक जाम होतं, ही गोष्ट हलक्यात घ्यायची नाही.

यावेळी प्रत्येक बदलानंतर लाइटचे चारही मोड लावून चाक फिरवलं. नुसता लाइट हलवल्यावर मिडियम सुधारला पण फ्लॅशवर आकडा अजून उडत होता. सेन्सर वर आल्यावर फ्लॅशही शांत.

मग घेर. सेल बदलल्यापासून मीटर २०९६ वर होतं, तो २३ मिमी रुंदीच्या टायरचा आकडा, काकांचे टायर ३२ चे. तक्त्यात ७०० बाय ३२ ला २१५५ दिलेलं असतं. बरेच लोक तेच भरून सोडून देतात, आम्ही मोजून घेतलं. टायरमध्ये नेहमीची हवा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूची खूण, काका सायकलवर बसलेले (वजनाने टायर दबतो म्हणून), मी धरून सरळ रेषेत तीन फेरे पुढे नेलं, परत खूण. अंतर ६ मीटर ४० सेंमी, भागिले तीन, २१३३ मिमी. २०९६ वर राहिलो असतो तर २०० किमीला १९६.५ दाखवलं असतं, तक्त्याचं २१५५ भरलं असतं तर २०२. क्यू शीटवर फाटा १४० ला असेल आणि तुम्ही दीड-दोन किमी इकडेतिकडे शोधत बसलात की चिडचिड होते आणि वेळही जातो.

झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, पावसात आत वाफ धरते ती बहुतेक इथूनच शिरते. ११,४८० च्या पुढचे, मेमरी गेल्यानंतरच्या राइडचे किमी डायरीतून बेरीज करून भरले. ते करताना काका सगळ्यात जास्त खुश होते.

निकाल

बीआरएमच्या आधी तीन पहाटे आणि एक संध्याकाळ, लाइट मुद्दाम मिडियमवर, मीटर एकदाही झोपलं नाही.

प्रत्यक्ष दिवशी एक गंमत झाली जी मी आधी धरायला हवी होती. स्टार्टला चाळीसेक सायकली खेटून उभ्या, नंतर पहिले दहा-बारा किमी सगळे घोळक्यात, आणि काकांचं मीटर मध्येच चाळीस-पंचेचाळीस दाखवायला लागलं. शेजारच्या सायकलवर तसंच बिनकोडचं मीटर असेल तर त्याच्या टिचक्या आपल्या डिस्प्लेत घुसतात. काका शहाणे, घोळक्यातून थोडे बाजूला झाले आणि आकडा जागेवर आला. तरी तेवढ्यात सव्वा किमी फुकटचे जमा झाले होते. पहिल्या कंट्रोलला त्यांनी क्यू शीटशी फरक ताडून बघितला, कार्डामागे पेन्सिलने "१.२ वजा" लिहिलं आणि पुढे तेवढे वजा करत गेले. हायवेवरचे किलोमीटरचे दगड होतेच खात्रीला. शेवटपर्यंत फरक १.२ च राहिला, म्हणजे २१३३ अगदी बरोबर बसलं.

काकांनी २०० किमी १२ तास १० मिनिटांत पूर्ण केले. संध्याकाळी शेवटचे दोन-तीन किमी अंधारू लागताना, लाइट मिडियमवर, मीटर जागं.

आता परत अशी केस आली तर

सेलला हात लावायच्या आधी मी मीटरमधले सगळे आकडे, एकूण किमी, घेर, सगळं मोबाइलवर फोटो काढून ठेवीन. नंतर विचारीन की बिघाड सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात सायकलवर काय काय हललं, नवीन काय आलं हे विचारून भागत नाही हे मला आता चांगलंच कळलंय. होल्डर, घंटी, बॅग, टायर, सगळं.

सेल मल्टीमीटरवर तीन व्होल्ट दाखवतो म्हणून चांगला समजणार नाही. असला सेल संपत येईपर्यंत मोकळा मोजला तर ठीकच दिसतो, लोड आला की पडतो. दोन्ही सेल एकाच दिवशी बदलायचे आणि झाकणाच्या आत मार्करने तारीख, एवढं सोपं ठेवीन.

लाइटची टेस्ट म्हणजे लाइटच्या प्रत्येक मोडची टेस्ट. मी एका मोडवर एकदा बघून त्याला यादीतून काढला आणि त्यात पाच दिवस गेले. त्यापेक्षा त्या माणसाबरोबर एकदा पहाटे उठून गेलो असतो तर तासाभरात निकाल लागला असता. काका तर रोज जातच होते, एक फोन करून "उद्या येतो" म्हणायचं होतं.

घड्याळाच्या दुकानावर राग काढण्यात अर्थ नाही असं काका म्हणतात. मला मात्र वाटतं सेल देताना जुना काढून नंबर वाचायला दहा सेकंद लागतात, आणि गिऱ्हाइकाने पण स्वतःच नंबर बघून मागावा, "गोल सेल द्या" म्हणू नये.

काकांनी आता ३०० ला नाव दिलंय, त्याला वीस तास, म्हणजे रात्रीचा बराच भाग सायकलवर. त्यासाठी वायरचं मीटर आणलं आणि गेल्या रविवारी आम्ही ते बसवलं, वायर ब्रेकच्या केबलला गुंडाळून फोर्कवरून खाली. वायरलेसवालं काढलेलं नाही. दोन्ही मीटर शेजारी शेजारी चालू ठेवून काका रोज दोघांचे आकडे डायरीत दोन कॉलम करून लिहितायत, कालपर्यंत २१० किमीत फरक ३०० मीटरचा होता.